शेवट आधीच कळला, आता पुस्तक वाचू का?

प्रिय ताई,

माझ्या सर्वांत आवडत्या लेखिकेच्या मालिकेचा चौथा आणि शेवटचा भाग तीन आठवड्यांनी येतोय. तिसरा येऊन सहा वर्षं झाली. पुस्तक नोंदवून ठेवलंय, दोन दिवसांची रजाही टाकलीय. माझी मावसबहीण पुस्तकांची परीक्षणं लिहिते, त्यामुळे तिला प्रत आधीच मिळाली. परवा फोनवर ती सहज म्हणून गेली, "तुझा लाडका काही शेवटपर्यंत राहत नाही बरं का." मी फोन ठेवला आणि चक्क रडले. ती म्हणते, "पुस्तकच तर आहे. आणि शेवट माहीत असला की गोष्ट जास्त आवडते, असं संशोधन आहे." आता स्वतःचंच हसू येतंय, पण राग काही जात नाही. त्यात रोज रात्री तासभर चाहत्यांचे अंदाज वाचत बसणारीही मीच! नोंदणी रद्द करू का? बहिणीशी काय बोलू? नवराही याच भागाची वाट पाहतोय, त्याला सांगू का? पात्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

— अर्ध्यावर अडकलेली

प्रिय अडकलेली,

पात्राचं नाव लिहिलं नाहीत, हे फार बरं केलंत. तुमच्या बहिणीला एवढंच जमायला हवं होतं.

नोंदणी रद्द करू नका. रद्द केलीत तर पुस्तक उशिरा हातात येईल, आणि पुस्तक बाजारात आल्यानंतरचे पहिले दोन आठवडेच सगळ्यांत धोक्याचे असतात. त्या दिवसांत वाचून मोकळे झालेले लोक बोलायला उतावीळ असतात आणि "अजून कुणी वाचलं नसेल" हे भान कुणालाच राहत नाही. तुम्हाला एक गोष्ट कळलीय. महिनाभर थांबलात तर आणखी दहा कळतील.

आता ते संशोधन. बहीण खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतेय. 2011 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला. बारा लघुकथा घेतल्या: काही अनपेक्षित कलाटणीच्या, काही रहस्यकथा, काही साहित्यिक वळणाच्या. काही विद्यार्थ्यांना कथा तशीच वाचायला दिली, काहींना आधी शेवट सांगणारा परिच्छेद देऊन मग कथा दिली. शेवट आधी कळलेल्यांनी बहुतेक कथांना थोडे जास्त गुण दिले. पण त्या कथा छोट्या होत्या आणि वाचणाऱ्याने त्या आधी वाचलेल्या नव्हत्या. त्या पात्रांसाठी कुणी सहा वर्षं झुरलेलं नव्हतं. 2015 मध्ये दुसऱ्या दोन संशोधकांनी असाच प्रयोग केला, तेव्हा निष्कर्ष जवळपास उलटा आला: शेवट फुटलेल्या कथा लोकांना कमी उत्कंठावर्धक आणि कमी रंजक वाटल्या. त्यामुळे या विषयावर संशोधन तोंडावर फेकून कुणाचा राग खोटा ठरवता येत नाही. शिवाय त्या प्रयोगातल्या विद्यार्थ्यांना कुणी आपल्या माणसाने फोनवर शेवट सांगितलेला नव्हता. माझ्या मते तुमच्या रागाचं मूळ तिथे आहे. कधी, कुठे, कुणासोबत कळून घ्यायचं हे तुम्ही सहा वर्षं मनात ठरवत होतात, आणि तो निर्णय दुसऱ्या कुणीतरी एका वाक्यात उरकून टाकला. याचा राग येणं बावळटपणाचं नाही. मात्र त्या रागात सहा वर्षांच्या वाट पाहण्याचाही थोडा वाटा असणार. तेवढा बहिणीच्या नावावर मांडू नका.

बहिणीशी बोलाच, पण फोनवर नको आणि मेसेजवर तर मुळीच नको. भेटा आणि आधी तुमचं वाक्य पूर्ण करा: "मला शेवट स्वतः वाचायचा होता. तू सांगितलंस, त्याचं मला वाईट वाटलं. पुस्तक संपेपर्यंत त्यातलं काहीही मला सांगू नकोस." "पुस्तकच तर आहे" हे उत्तर आलं तर वाद घालू नका. तेच वाक्य पुन्हा म्हणा. समीक्षकांना दिलेल्या आगाऊ प्रतीसोबत ठरावीक तारखेपर्यंत काही न फोडण्याची विनंती बहुधा असतेच. तिला हे माहीत असणार, त्यामुळे ते धमकीसारखं वापरायची गरज नाही.

एक लक्षात घ्या, "काहीही" म्हणजे काय हे उलगडून सांगितल्याशिवाय ती पुन्हा चुकेल. नेमकं काय घडतं ते सांगितलं नाही, म्हणजे आपण काहीच फोडलं नाही, असं बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटतं. "शेवटी धक्का आहे" म्हटलं की वाचक दोनशे पानं त्या धक्क्याचा वास घेत फिरतो. "रुमाल जवळ ठेव" यातून कुणीतरी जाणार हे कळतं. "बाराव्या प्रकरणावर आलीस की फोन कर" हे तर पत्ता लिहून देण्यासारखंच. "तिच्यावर लक्ष ठेव", "पहिलं पान नीट वाच", तुमचा अंदाज ऐकून घेतलेला दीर्घ श्वास किंवा मिश्कील "बघू हं", सगळं यातच येतं. अंदाज चुकीचा आहे हे सांगणंसुद्धा फोडणंच आहे, कारण एक वाट बंद झाली की उरलेल्या आपोआप उजळतात. चालण्यासारखे प्रश्न फार थोडे: कितवं प्रकरण चाललंय, भाषा कशी वाटली, छपाई बरी आहे का. बस्स.

बहिणीची बाजूही थोडी पाहा. जगात अजून कुणी न वाचलेलं पुस्तक वाचून ती एकटी बसलीय, बोलायला माणूस नाही. अशा वेळी तोंडातून निसटतं. तिला वहीत लिहून ठेवायला सांगा: पान क्रमांक आणि त्या पानावर काय वाटलं ते. तुमचं वाचून झालं की वही घेऊन बसा. "मी व्हॉइस मेसेज पाठवते, तू नंतर ऐक" असं ती म्हणाली तर नको म्हणा. व्हॉट्सअ‍ॅपवर लागोपाठ आलेल्यांपैकी एक ऐकला की पुढचा आपोआप सुरू होतो.

आता जे कळलंय त्याचं काय करायचं. एक कागद घ्या आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहा: "शेवटपर्यंत राहत नाही." त्याखाली या वाक्यावरून तुम्ही काय काय गृहीत धरलंत ते लिहा. तो मरतो, कुणीतरी मारतं, शेवटच्या प्रकरणात मरतो, व्यर्थ मरतो, असं बरंच निघेल. यातलं काहीच तिने सांगितलेलं नाही. तो निघून जाईल, पन्नासाव्या पानावरच संपेल किंवा स्वतःहून बाजूला होईल. कशामुळे, कुणासाठी, इतरांचं पुढे काय, हे तुम्हाला अजिबात माहीत नाही, आणि कादंबरीत वाचण्यासारखं बहुतांशी तेच असतं. हा कागद केल्यावर खात्री करून घ्यायचा मोह होईल. एकदा का "खरंच मरतो का" असं शोधलंत की उरलेलंही गेलं. बहिणीलाही "म्हणजे नक्की काय?" असं विचारू नका. आणि खोटी आशाही धरू नका. आगाऊ प्रत अंतिम मुद्रितशोधनाआधीची असते हे खरं, पण नंतरच्या दुरुस्त्या शुद्धलेखनाच्या, नावांतल्या चुकांच्या, फार तर एखाद्या परिच्छेदाच्या असतात. शेवट सहसा बदलत नाही.

रोज रात्रीचा तो एक तास मात्र तुमच्याच खात्यावर आहे. अंदाज वाचण्यात गैर काही नाही. दोन भागांच्या मधल्या वर्षांत मालिका त्यावरच जिवंत राहते. पण आगाऊ प्रती बाहेर पडल्या की त्या गप्पांची जात बदलते. प्रत वाचलेला माणूस "मला असं वाटतं" म्हणत खरी गोष्ट सोडून देतो, कधी मिरवायला, कधी निव्वळ खोडसाळपणाने, आणि वाचणाऱ्याला फरक कळत नाही. हॅरी पॉटर मालिकेचा शेवटचा भाग 21 जुलै 2007 ला विक्रीला आला, पण त्याच्या पानांचे फोटो काही दिवस आधीच इंटरनेटवर फिरत होते. तुमचे तीन आठवडे नेमके याच काळातले आहेत, म्हणून आज रात्रीपासून बंद. हात शिवशिवले तर स्वतःचे अंदाज लिहा आणि पाकिटात घालून ठेवा. नंतर ताडून पाहायला मजा येते.

त्या तासात मागचे भाग पुन्हा वाचा. मात्र आधी हिशोब करा. तीन भाग पाचशे-पाचशे पानांचे धरले तर पंधराशे पानं, एकवीस दिवसांत रोज साधारण सत्तर. तासाला चाळीस पानांच्या वेगाने पावणेदोन तास लागतील. तेवढा वेळ नसेल तर तिसरा भाग पूर्ण वाचा आणि पहिल्या दोहोंची शेवटची शंभरेक पानं. अर्धवट राहिलेला दुसरा भाग घेऊन चौथ्याच्या दाराशी पोहोचणं सगळ्यांत वाईट. एखादं पात्र आठवलं नाही तर पुस्तकातच मागे जाऊन शोधा. विकिपीडियावर कथानक शेवटापर्यंत दिलेलं असतं आणि सावधगिरीची सूचना देत नाहीत. शोधयंत्राच्या खिडकीत तर पात्राचं नाव अर्धं टाइप करताच पुढे "मृत्यू" हा शब्द सुचवला जाऊ शकतो.

फोनची व्यवस्था अर्ध्या तासाची आहे. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सेफ्टी, म्यूट अँड ब्लॉक, म्यूटेड वर्ड्स या वाटेने जा. लेखिकेचं नाव, पुस्तकाचं नाव, मालिकेचं नाव, महत्त्वाची पाच-सहा पात्रं आणि चाहत्यांमध्ये रूढ असलेली लघुरूपं घाला. प्रत्येक शब्द देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत हवा. बहुतेकजण एकच घालतात आणि तिथेच फसतात. मुदत तीस दिवसांची निवडता येते, पण तुम्हाला वाचायला वेळ लागला तर ती मध्येच संपेल, म्हणून कायमची ठेवा आणि नंतर काढा. फोटोवर छापलेला मजकूर अशा चाळणीत अडकत नाही. यूट्यूबवर शब्द रोखण्याची सोयच नाही आणि तिथे शीर्षक व चित्रच सगळं सांगून जातं. त्यामुळे तिथे हा विषय शोधूच नका. आधी शोधला असेल तर पाहण्याचा आणि शोधण्याचा इतिहास पुसून तो नोंदणं थांबवा. वाचकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट नुसते म्यूट करून भागत नाही, यादीत शेवटच्या मेसेजची ओळ दिसतेच. ते अर्काइव्ह करा. गुडरीड्स या वाचकांच्या परीक्षणांच्या संकेतस्थळावर शेवट लपवण्याची सोय आहे, पण ती परीक्षण लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. तिकडे पुस्तक संपेपर्यंत जायचं नाही.

पुस्तक आलं की मलपृष्ठ वाचू नका. तिथला मजकूर नव्या गिऱ्हाइकासाठी असतो, तुम्ही तर आधीच विकत घेतलंय. अनुक्रमणिकाही सोडा, कारण प्रकरणांची नावं कधीकधी फार बोलकी असतात. किंडलवर वाचणार असाल तर "पॉप्युलर हायलाइट्स" बंद करा, नाहीतर इतरांनी अधोरेखित केलेलं वाक्य दिसताच इथे काहीतरी मोठं आहे हे कळतं. पात्राच्या नावावर बोट दाबून माहिती पाहणंही टाळा.

वाचताना एकच चूक होईल: तो पानावर आला की "आता जातो का, आता जातो का" करत तुम्ही भराभर पुढे सरकाल. अशी घाई झाली की त्याचे सगळे साधे प्रसंग, गप्पा, भांडणं हातातून निसटतात. असं होतंय जाणवलं की प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटा, दहा मिनिटं दुसरं काही करा आणि मगच पुढचं उघडा. पुढे उडी मारून पाहायचंच असेल तर सरळ पाहून टाका आणि मग शांतपणे मागे येऊन वाचा. शेवट आधी वाचणारे वाचक असतात आणि ते काही कमी दर्जाचे नसतात. फक्त ते तुम्ही ठरवा.

नवऱ्याला सांगायचं नाही, "मला एक गोष्ट कळलीय पण सांगणार नाही" एवढंसुद्धा नाही. तेवढं कळलं तरी तो प्रत्येक पानावर शोधत बसेल. कुणी विचारलं तर बहिणीशी बिनसलंय एवढंच सांगा, कशावरून ते नंतर. जमत असेल तर दोन प्रती घ्या. एकच असेल तर आधी त्याला वाचू द्या. त्याची पाटी कोरी आहे, तुमची नाही, आणि तुम्ही पुढे असाल तर तुमच्या चेहऱ्यावरून त्याला बरंच कळेल. मात्र त्यालाही वरचे सगळे नियम लागू. आणि रजेमुळे तुम्हीच आधी वाचणार असाल, तर ते प्रकरण तो ऑफिसात असताना वाचा.