दाढ काढायला नेताना: आईची शुगर, रक्त पातळ करायची गोळी आणि पुढचे तीन दिवस

ताई, तुमच्या प्रश्नातलं मुख्य आधी मांडतो. आई ५८ वर्षांच्या, शुगर आहे, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे, खालची दाढ काढायची आहे. गाव घाटंजीच्या पुढे, सध्या कापूस वेचणी सुरू, आणि सकाळ-संध्याकाळ तंबाखूचं मंजन घासायची सवय. किती दुखेल, त्याच दिवशी परत येता येईल का, कामाला कधी जाता येईल, हे तुम्ही विचारलंय.

गोळीचं आधी. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ‘दात काढायचा म्हणून’ कुणाच्याही सांगण्यावरून घरीच बंद करू नका. एका दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं, पण गोळी बंद केल्यावर हृदयात गुठळी झाली तर ती तशी थांबवता येत नाही. सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, डॉक्टरांना नावं पाठ सांगत बसावं लागत नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, तर तेही सांगा. आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, बऱ्याच जणांना आहे. कार्ड असेल तर ते सोबत न्या आणि सुई टोचण्याआधीच दाखवा.

उपाशी नेऊ नका, ही चूक फार होते. भूल फक्त जबड्याची असते, त्यामुळे नेहमीची न्याहारी आणि शुगरची गोळी घेऊनच निघायचं. रिकाम्या पोटी शुगर उतरून चक्कर येते आणि सगळे समजतात की दाढेनं आली. बीपी १८०/११० च्या वर असेल किंवा शुगर फारच वाढलेली असेल, तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतील. त्यावर वाद घालू नका, ते बरोबरच असतं.

सोमवारी किंवा मंगळवारी, पहिल्या एसटीनं जा. शनिवारी काढली आणि रात्री रक्त सुरू झालं तर रविवारी दवाखाना उघडा सापडणं कठीण. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा दातांचे डॉक्टर नसतात, म्हणून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. दाढ अवघड निघाली तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय आहे.

आता खुर्चीवर काय होतं ते. आधी छोटा एक्स-रे. खालच्या दाढेसाठी सुई तोंडात मागे, जबड्याच्या नसेजवळ देतात. टोचताना चिमटा बसल्यासारखं होतं, मग पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि जीभ जड होते. डॉक्टर हिरडीला टोचून विचारतील. दुखत असेल तर तिथेच हात वर करायचा, पुन्हा भूल देता येते. दाढेखाली पू साचलेला असला तर औषध कमी लागू पडतं, म्हणून कधी आधी पू काढून देतात किंवा अँटिबायोटिक देऊन चार दिवसांनी बोलावतात. भूल नीट लागल्यावर दुखणं नसतं, पण दाब आणि हलवणं जाणवतं, कानाशी ‘कडक’ आवाजही येतो. हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दाबालाच दुखणं समजून घाबरतील. खालच्या दाढेला दोन मुळं, ती वाकडी असली तर दाढ कापून दोन तुकड्यांत काढतात. टाके पडले तर साधारण आठवड्यानं काढायला यावं लागतं.

तोंड किती उघडतं तेही पाहा. तीन बोटं उभी जात नसतील तर आधीच सांगा. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, खाणाऱ्यांत हे फार दिसतं आणि मग साधी दाढही अवघड होते.

दाढ निघाल्यावर खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच जखमेचं झाकण. तीन दिवस तिला जपणं हेच घरच्यांचं काम. कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून ठेवायचा, सारखा काढून पाहायचा नाही. गोळी सुरू असल्यानं तासभर दवाखान्याजवळच थांबा, रक्त थांबलं की मगच एसटी धरा. चोवीस तास थुंकणं, चूळ भरणं, नळीनं ओढून पिणं बंद; लाळ गिळायची. लाळ गुलाबी दिसणं ठीक आहे. तोंड ताज्या रक्तानं भरत असेल तर स्वच्छ कापडाची घडी अर्धा तास दाबा, तरी थांबलं नाही तर रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा.

ओठ जड आहे तोवर जेवण आणि गरम चहा नको, ओठ चावला जातो, भाजतो. मग कोमट वरण-भात, ज्वारीच्या कण्या, ताक. भाकर, ठेचा दोन-तीन दिवसांनी. भूल उतरण्याआधीच पॅरासिटामॉल द्या. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी गोळी मनानं आणू नका, शुगर-बीपीवाल्यांच्या मूत्रपिंडाला ती बाधते, रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत पोटात रक्तही येऊ शकतं. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळूच चूळ, दिवसातून चार-पाचदा.

मंजन बंद म्हणजे बंद, निदान आठवडाभर. तंबाखूनं गाठ सुटते, हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणका लागतो, तोंडाला वास येतो. मग गोळ्या पुरत नाहीत, खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरावी लागते. लवंगतेल, चुना, हळद खड्ड्यात घालू नका.

सूज दोन-तीन दिवस वाढून उतरते. त्यानंतरही वाढली, ताप आला, गिळता येईना किंवा हनुवटीखाली टणक झालं, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. ओठ दुसऱ्या दिवशीही बधिर असेल तर डॉक्टरांना कळवा.

कामाचं म्हणाल तर दोन दिवस पूर्ण घरी, चुलीपुढेही वाकून बसणं नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज उतरली असेल तर ओटी बांधून वेचायला हरकत नाही, पण कापसाचं गाठोडं डोक्यावर घेणं आठवडाभर टाळा, जोर लागला की रक्त पुन्हा सुरू होतं. कवळी बसवायची असेल तर साधारण तीन महिने थांबा, तोवर हाड आणि हिरडी बसते.