मिरजेहून तानपुरा ट्रान्सपोर्टने मागवतोय. वाटेत फुटू नये म्हणून काय करावं, आणि फुटलाच तर?

भोपळा म्हणजे वाळलेलं कवच. एका जागी दाब आला की तडकतो. तारा सैल करून, घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) काढून वेगळी गुंडाळायला सांगा, म्हणजे जवारी, म्हणजे झणकार देणारा घोडीचा घासलेला पृष्ठभाग, शाबूत राहील. दांडी भोपळ्याला मिळते तिथे खालून भक्कम आधार हवाच. माझ्या तानपुऱ्याला नेमका तिथेच केसाएवढा तडा गेला होता. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, टिचकी मारली तर खरखर यायची. फार जीव तुटला.

बुकिंग करताना खरी किंमत लिहा, नाहीतर भरपाई अगदी तुटपुंजी मिळते. खोका दबलेला दिसला तर सही करण्याआधीच पोचपावतीवर तसं नोंदवा, उघडतानाचा व्हिडिओ काढा, खोका जपून ठेवा. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यानुसार दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. तडा मात्र मिरजेच्या कारागिराकडूनच सांधून घ्या.