कयाक उतरवण्याआधी पंधरा मिनिटं नुसता बस

अरे, कयाक म्हणजे वल्ह्याची छोटी होडी घेऊन मासे पकडायला निघताना मोबाइलवर लाटांची उंची एक मीटर दिसली की तू खूश होतोस. उंचीशेजारचा दुसरा आकडा बघ. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं? इन्कॉइस, म्हणजे समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था, तिच्या अंदाजात तोही असतो. एक मीटरची लाट सहा सेकंदांची असेल तर चालून जाते. तीच बारा-चौदा सेकंदांची असेल तर लांबून आलेली, ताकदवान. किनाऱ्याशी उंच होऊन फुटते.

मग किनाऱ्यावर ये आणि पाण्याच्या कडेला वाळूत बस. फुटणाऱ्या लाटेच्या माथ्याने क्षितिज झाकलं, तर लाट तुझ्या डोळ्यांच्या वर आहे. नवख्याने तिथूनच घरी जावं. पाच मिनिटं शांत दिसलं म्हणून फसू नकोस. मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्याने येतात, मध्ये समुद्र झोपल्यासारखा असतो. मी एकदा असाच घाईने उतरलो आणि गळ, रॉड, डबा सगळं देऊन आलो. तेही परतताना! आत जाताना लाट समोर दिसते, येताना ती पाठीमागून उचलते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या वर जातो. सकाळी वाळूवरून सुटलास, तर दुपारी खडक नाहीतर चिखल. सुरुवातीला अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असलेले दिवस धर, आणि दुपारचा खारा वारा सुटायच्या आत परत ये. अक्सा किनारा नकोच, तिथली पाण्याची ओढ वाईट. जून ते सप्टेंबर कयाक घरात.

वर्सोव्याला होड्या वर ओढलेल्या दिसल्या, तर कोळीदादांना कारण विचार.