येनाची ऑफर घ्यावी का? पुण्याच्या एका इंजिनिअरला उत्तर

तुमचं पत्र थोडक्यात असं: पुण्यात मशीन टूलच्या कंपनीत सहा वर्षं डिझाइनचं काम, आता जर्मनीत येनाच्या एका पीझो पोझिशनिंग कंपनीची (व्होल्टेज दिल्यावर किंचित लांबणाऱ्या सिरॅमिकनं वस्तू अतिसूक्ष्म हलवणारी यंत्रं बनवणाऱ्या) ऑफर, बायको आणि तीन वर्षांची मुलगी, जर्मन भाषा जवळजवळ शून्य. आणि खरा प्रश्न असा की इतक्या अरुंद विषयासाठी इतक्या लहान गावात येऊन आपण अडकून तर पडणार नाही? मी अकरा वर्षं इथेच, याच कामात आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी गावाबद्दल. येना लाखभर वस्तीचं आहे, पण या कामासाठी ते आडगाव नाही. १८४६ मध्ये कार्ल त्साइसनं इथे कार्यशाळा काढली, १८६६ पासून भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबं त्याच्याबरोबर काम करू लागला, १८८४ मध्ये ओटो शॉटची काच आली. जवळच्या हेर्म्सडोर्फला विजेच्या इन्सुलेटरच्या चिनी मातीपासून सुरू झालेला तांत्रिक सिरॅमिकचा जुना उद्योग. एकीकडे भिंगं घासणारे, दुसरीकडे सिरॅमिक भाजणारे, आणि पीझोला नेमके हे दोन्ही हात लागतात. म्हणूनच पीझोसिस्टिम येनासारखी कंपनी इथे आहे आणि लेडरहोझं नावाच्या खेड्यात पीआय सिरॅमिकचा कारखाना आहे. इल्मेनाऊच्या तंत्र विद्यापीठानं तर २५ मिलिमीटरच्या पट्ट्यात ०.१ नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) वाचणारं मापनयंत्र उभं केलं. उद्या नोकरी बदलावीशी वाटली तर घर न हलवता विचारता येईल अशी दारं इथे आहेत. कार्ल्सरूहं, ओल्डेनबुर्ग, म्युनिक इथेही हे काम चालतं. पण एकाच खोऱ्यात सगळं बघायचं तर इथे.

आता कामाबद्दल, कारण तुमची खरी परीक्षा तिथे आहे. तुमच्याकडे दहा मायक्रॉन म्हणजे चांगलं काम. इथे पूर्ण १००-१२० व्होल्ट दिल्यावर एक सेंटिमीटरचा पीझो स्टॅक, म्हणजे पातळ सिरॅमिक चकत्यांची चळत, जेमतेम दहा मायक्रॉन लांबतो. लांबीच्या एक हजारांश. त्या दहा मायक्रॉनच्या आत तुमचं सगळं आयुष्य. त्यात हिस्टेरिसिस, म्हणजे जाताना एक वाट आणि परतताना दुसरी, दहा-पंधरा टक्के. शिवाय क्रीप, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवलं तरी तो हळूहळू सरकतच राहतो. म्हणून जागा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर लावून लूप बंद करायची, म्हणजे मोजून लगेच दुरुस्त करत राहायचं. इथपर्यंत पुस्तकात सापडेल. पुस्तकात कमी सापडतं ते असं: १०० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा अंशाच्या शंभराव्या भागानं तापला तर २३ नॅनोमीटर वाढतो. तुम्ही शेजारी उभे राहिलात तरी तेवढं तापमान बदलतं.

माझी पहिली मोठी चूक याच जातीची. पहिल्याच वर्षी एक स्टेज, म्हणजे पीझोनं हलणारा छोटा मंच, रात्रभर मोजायला लावली होती, सकाळी आलेख तिरका. मी कंट्रोलरचे गेन बदलत बसले, फिल्टर बदलले, दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडचे एक जुने मेकॅनिक आले. काही न बोलता त्यांनी सेन्सरची केबल स्टेजपासून हातभर अंतरावर जिथे टेबलाला बांधली होती तिथली पट्टी सोडली, केबलला सैल वळण दिलं आणि पुन्हा बांधली. रेष हलली आणि पुन्हा सरकू लागली. मी लगेच कीबोर्डकडे हात नेला तसे ते म्हणाले, "आब्वार्टन." म्हणजे, थांब, वाट बघ. आम्ही खोलीबाहेर जाऊन बसलो. तासाभरानं काचेतून पाहिलं तर रेष सपाट झाली होती. केबलचा ताण स्टेजला ओढत होता आणि आमच्या अंगाची ऊब वर भर घालत होती.

मी मिरजेची. आमच्या गल्लीत सतारमेकर तंबोऱ्याची जवारी काढायचे: घोडीवरून कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एकदा. त्या मेकॅनिककडे बघून मला तेच आठवलं. हे ज्ञान त्यांच्या बोटांत आहे, आणि ते फक्त जर्मनमधून बाहेर येतं. मीटिंग इंग्रजीत होतील, ईमेल इंग्रजीत येतील, पण स्क्रू कुठल्या क्रमानं आवळायचे, कुठला चिकटपदार्थ सुकताना भाग ओढतो, हे कॉफीच्या वेळी बोललं जातं. म्हणून माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच: येण्याआधी पुण्याच्या माक्स म्युलर भवनात निदान ए२ (जर्मनची दुसरी पातळी) करा, आणि आल्यावर त्यापुढच्या बी१ ला एक दिवसही उशीर करू नका. भाषा टाळणारे हुशार लोक मी पाहिले. ते पाच वर्षांनीही सिम्युलेशनच्याच खुर्चीत होते.

तयारी कसली करायची? फ्लेक्शर, म्हणजे वायर-कटवर कापलेल्या लवचिक बिजागऱ्या, तुम्हाला लवकर जमतील, तुमचा हात त्यातच बसलेला आहे. आबंचं १८९० चं तत्त्व मात्र मुरवून घ्या: माप आणि मोजपट्टी एका रेषेत. सेन्सर ५० मिलिमीटर बाजूला असला आणि स्टेज एक आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) तिरकी झाली की २४० नॅनोमीटरची चूक झालीच. इलेक्ट्रॉनिक्सला घाबरू नका. पीझो हा शेवटी कपॅसिटर आहे. ६ मायक्रोफॅरडचा स्टॅक १०० हर्ट्झवर १०० व्होल्ट हलवायचा तर शिखर करंट सुमारे ०.१९ अँपिअर, १००० हर्ट्झवर त्याच्या दहापट. वेग मागणाऱ्या ग्राहकाला बहुतेकदा अ‍ॅम्प्लिफायरच अडवतो. आणि सिरॅमिकला दाब सोसतो, ताण आणि आडवा जोर सोसत नाही. प्रीलोडशिवाय, म्हणजे आधीच दाबून धरल्याशिवाय, स्टॅकला हात लावू नका. दमट हवेत सतत डीसी व्होल्टेजवर ठेवलेले स्टॅक लवकर मरतात, हे आपल्या कोकणच्या ग्राहकालाही सांगावं लागतं.

कागदपत्रांचं लवकर उरकते. ब्लू कार्डची (शिकलेल्या परदेशी कामगारांच्या वास्तव्य परवान्याची) किमान पगारमर्यादा २०२५ मध्ये वर्षाला ४८,३०० युरो होती, इंजिनिअरिंगसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांत ४३,७५९.८० युरो. दर जानेवारीत ती बदलते, तेव्हा अर्जाच्या वर्षाचा आकडा बघा. तुमचं विद्यापीठ आनाबिनमध्ये, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत, आहे का ते आजच पाहा. बी१ असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, ए१ वर २७ महिने. पत्नीला पहिल्या दिवसापासून कामाची मुभा असते, आणि ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही. तरी त्यांनाही भाषा शिकू द्या. तुमच्यापेक्षा त्यांना ती जास्त लागेल, कारण तुम्ही दिवसभर कामावर आणि दवाखाना, दुकान, पाळणाघर त्यांच्या अंगावर.

मुलीची काळजी करू नका. वर्षापुढच्या मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि पूर्व जर्मनीत लहान मुलांना पाळणाघरात ठेवण्याची रीत जुनी असल्यानं जागा पश्चिमेपेक्षा सहज मिळते. ती सहा महिन्यांत तुमचं जर्मन सुधारेल. घरी मराठीच बोला, अगदी हट्टानं.

एक गोष्ट झाकून ठेवणार नाही. येना ज्या राज्यात आहे त्या थ्युरिंगियात २०२४ च्या निवडणुकीत स्थलांतराला कडवा विरोध करणारा एएफडी सर्वांत मोठा पक्ष झाला. येना विद्यापीठाचं गाव आहे, इथे मला आदरानं वागवलं गेलं. बाहेरच्या छोट्या गावांत मात्र ट्रामच्या थांब्यावर टोचून बोललेलं मी ऐकलंय. राहायला येनाच्या आतच घर बघा, भाडं जास्त पडलं तरी.

परतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 'अडकणं' या शब्दाच्या मागे तेच आहे असं वाटतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय, २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झालेत, चार किलोमीटरच्या दोन भुजा. तिथे लेझरच्या वाटेवरच्या काही आरशांमागे पीझो असतातच. तीस मीटर दुर्बिणीच्या आरशाचे अ‍ॅक्चुएटर आणि कडांचे सेन्सर हा भारताचा वाटा आहे, आणि त्या कामात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था आहे. आरशांना नॅनोमीटरमध्ये धरून ठेवणारी माणसं तिकडेही लागतील, आणि दहा वर्षं हात बसलेला माणूस सहज मिळत नाही. मला स्वतःला त्या वाटेनं परत यायचं आहे.

करारात परीक्षाकाळ सहा महिन्यांचा आहे का आणि तेवढ्यात नोटीस किती दिवसांची, ते वाचून मला कळवा. रुजू व्हायची तारीख मागता आली तर मार्च मागा. नोव्हेंबरच्या अंधारात मुलीला घेऊन घर शोधायला लावू नका. आणि येताना पहिल्या आठवड्याचं राहणं ठरलं नसेल तर आमच्याकडे एक खोली आहे.