शिक्षक विद्यार्थ्यांकडून नेमकं काय शिकू शकतो?

आपण शिकवलेलं मुलाच्या डोक्यात कोणत्या रूपात पोचलं, हे शिक्षकाला मुलाच्या चुकीच्या उत्तरातूनच शिकता येतं. बरोबर उत्तरात ते सहसा दिसत नाही. प्राथमिकची वजाबाकी घ्या. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं, तर दोन शक्यता असतात. एक, २ मधून ७ जात नाहीत म्हणून मुलाने उलट ७ मधून २ काढले. दुसरी, दशक सुटा करून १२ मधून ७ बरोबर वजा केले, पण ५ चे ४ करायचे राहिले. उत्तर एकच, पण उपाय वेगळे: पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतात, दुसऱ्याला फक्त मांडणीची सवय हवी. नुसती लाल फुली मारली की हा फरक हातचा जातो. म्हणून लगेच ५२ − २८ द्या. ३६ आलं तर पहिली अडचण, ३४ आलं तर दुसरी. मग ‘कसं केलंस, सांग बरं’ असं विचारून मुलाला पूर्ण बोलू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. आपला सूर चढला की मूल घाईने उत्तर खोडतं आणि खरी रीत कळत नाही. संख्यालेखनातही हेच: ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारं मूल ऐकू येतं त्या क्रमानेच लिहीत असतं, कारण मराठीत आधी सात येतात. मात्र एका चुकीवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार उदाहरणांत तीच चूक दिसली तरच ती रीत समजा, नाहीतर ती घाईतली चूक असू शकते.