वडिलांचे विप्रोचे शेअर विकावेत का?

आपल्या पत्राचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपले वय 46, माहेर अमळनेरचे, नोकरी नाशिकला शिक्षिकेची. 2022 मध्ये वडील गेल्यावर त्यांचे विप्रोचे शेअर आपल्या नावावर झाले आणि 2024 च्या बोनसनंतर, म्हणजे कंपनीने भागधारकांना विनामूल्य दिलेल्या जादा शेअरनंतर, ते 12,000 झाले आहेत. आपण धरलेल्या 250 रुपये भावाने त्यांची किंमत 30 लाख रुपये होते. याखेरीज 6 लाखांच्या मुदत ठेवी आणि निवृत्तिवेतन खात्यातील 12 लाख एवढीच शिल्लक आहे. मुलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षांत 8 लाख लागतील. ‘अमळनेरच्या माणसाने विप्रो विकायचा नसतो’ असे भाऊ म्हणतो, तर सहकारी शिक्षक 10 रुपयांत मिळणाऱ्या नव्या म्युच्युअल फंडाची शिफारस करतात.

भावाच्या म्हणण्यामागे इतिहास आहे. ही कंपनी 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तेलाच्या कारखान्यातून उभी राहिली आणि ज्यांनी शेअर जपून ठेवले त्या गावकऱ्यांचे भले झाले, हे सर्वज्ञात आहे. मात्र ज्या कंपन्या बुडाल्या त्यांचे शेअर जपून ठेवणाऱ्यांच्या कथा कोणी सांगत नाही. विप्रो आज ज्या संगणक-सेवेच्या व्यवसायात आहे, त्याच व्यवसायातील सत्यम कॉम्प्युटरच्या अध्यक्षांनी 7 जानेवारी 2009 रोजी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली आणि त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक घसरला. विप्रोचे तसे होईल असे मी मुळीच सुचवत नाही; कंपनी चांगली की वाईट, हा इथला प्रश्नच नाही. आपल्या घरच्या 48 लाखांपैकी जवळजवळ 63 टक्के रक्कम एकाच कंपनीवर अवलंबून आहे, हा प्रश्न आहे. वडिलांना सरकारी निवृत्तिवेतन होते, घर स्वतःचे होते आणि मुलांची शिक्षणे संपलेली होती, असे आपणच लिहिले आहे. त्यामुळे भाव अर्धा झाला असता तरी त्यांचा महिन्याचा खर्च अडला नसता. आपण 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागल्यामुळे आपल्याला जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. त्यांनी शेअर विकले नाहीत, हे त्यांच्या परिस्थितीत योग्यच होते, पण आपली परिस्थिती वेगळी आहे.

म्हणून माझा सल्ला असा की 10,500 शेअर विकावेत आणि 1,500 वडिलांची आठवण म्हणून ठेवावेत. ते एकूण मालमत्तेच्या आठ टक्क्यांच्या आसपास राहतील, तेव्हा भावाशी वाद घालण्याची वेळही येणार नाही.

कराचा भाग थोडा सविस्तर पाहू, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. वारशाने आलेल्या शेअरसाठी वडिलांचीच खरेदी-किंमत आणि त्यांचाच धारणकाळ (शेअर किती काळ जवळ होते तो काळ) मोजला जातो. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या शेअरसाठी त्या दिवसाची बाजारातील कमाल किंमत आणि आपली विक्रीकिंमत यांतील कमी असलेला आकडा खरेदी-किंमत म्हणून धरता येतो, अर्थात मूळ किंमत त्याहून अधिक नसेल तर. त्यानंतर मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी-किंमत मात्र शून्य. विप्रोने 2019 मध्ये तीन शेअरमागे एक आणि डिसेंबर 2024 मध्ये एकामागे एक बोनस दिला. म्हणजे वडिलांकडे मूळचे 4,500 शेअर असतील, तर त्यांचे आधी 6,000 आणि मग 12,000 झाले, आणि यांतील 7,500 शेअरची सगळी विक्रीकिंमत नफा ठरते. दीर्घकालीन, म्हणजे वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरवरील, नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के आणि उपकर. 10,500 शेअर (मूळचे 4,500 आणि बोनसचे 6,000) एकाच वर्षी विकल्यास, मूळ शेअरवर नफा निघत नाही असे धरून, कर सुमारे 1 लाख 79 हजार होईल. विक्री दोन आर्थिक वर्षांत विभागल्यास यातले फार तर 16,250 रुपये वाचतील. 30 लाखांवर ही बचत अर्धा टक्का भरते आणि बाजारात तेवढी हालचाल एका दुपारीही होते. तेव्हा मार्च जवळ असेल तर विक्री महिनाअखेर आणि एप्रिलचा आरंभ अशी विभागावी, पण करासाठी वर्षानुवर्षे थांबू नये.

आलेल्या पैशांतून 8 लाख मुलीसाठी बँकेत ठेवावेत. ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत 5 लाख असल्याने रक्कम दोन बँकांत ठेवावी आणि आधीच्या ठेवी कुठे आहेत तेही पाहावे. उरलेले सुमारे 16 लाख निफ्टी 50 वर आधारित इंडेक्स फंडात, म्हणजे त्या निर्देशांकातील 50 मोठ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या फंडात, कमिशन नसलेल्या थेट योजनेत गुंतवावेत. हे पैसे आजही शेअरबाजारातच आहेत. त्यामुळे ते सहा महिने हप्त्याहप्त्याने घालण्याचे कारण नाही, विक्रीचे पैसे जमा होताच फंडात घातले तरी चालतील.

10 रुपयांचा फंड स्वस्त असतो, ही समजूत सोडून द्यावी. एक लाखात 10 रुपयांचे 10,000 युनिट आले काय किंवा 500 रुपयांचे 200 आले काय, फंड 10 टक्के वाढला तर दोन्हींचे 1 लाख 10 हजारच होतात. नव्या फंडाला मागचा इतिहास नसतो आणि बहुधा तो विकणाऱ्याला कमिशन मिळत असते. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडात कमिशनविना थेट योजना उपलब्ध आहे. खर्चातील फरक वर्षाला केवळ 0.8 टक्के धरला आणि परतावा 11 ऐवजी 10.2 टक्के मिळाला, तर 16 लाखांवर 15 वर्षांत सुमारे 8 लाखांचा फरक पडतो. गेल्या वर्षी अव्वल ठरलेले चार-पाच लार्ज कॅप फंड घेऊनही विविधता येत नाही, कारण प्रत्येकाला किमान 80 टक्के रक्कम बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांतच ठेवावी लागते.

विक्रीपूर्वी सनदी लेखापालाकडून 2018 ची शेअरसंख्या पक्की करून घ्यावी आणि डीमॅट खात्यात मुलीचे नामनिर्देशन करावे. वडिलांच्या कपाटात कागदी प्रमाणपत्रे उरली आहेत का, तेही पाहावे. सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास ते शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, मात्र वारसाला तिथूनही अर्ज करून परत मिळवता येतात.