वाचक विचारतात : खळाळत्या पाण्यासाठी इंजिनाची रबरी बोट

मागच्या अंकात हवेच्या बोटींच्या दुरुस्तीवर लिहिलं आणि पत्रांचा पाऊस पडला. बहुतेकांचा सूर एकच : दुरुस्तीचं राहू द्या, आम्हाला बोटच बांधायचीय. तीही इंजिनाची, तीही खडकाळ नदीत चालणारी. माझं वर्कशॉप रोह्याजवळ. राफ्टिंगवाल्यांच्या फाटक्या राफ्ट आणि कोळी बांधवांची दमलेली आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लटकवायची) इंजिनं, दोन्ही माझ्याच दारात येतात. तेवढ्या हक्कानं उत्तरं देतो.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र, एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. 14 फुटी पीव्हीसीची बोट, मागे प्लायवुडची फळी आणि तिच्यावर 15 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, असा बेत आहे. आधी कुंडलिका नदीच्या रॅपिडमध्ये (खडकांतल्या खळाळत्या धारेत) चालवून बघू आणि मग पावसाळ्यात कृष्णेच्या पुरात गावासाठी वापरू. इंजिन पुरेल ना?
– एक वाचक, कराड

तुम्ही एका पत्रात दोन बोटी मागितल्यात. पुराचं नंतर बघू, आधी रॅपिडचं.

‘इंजिन पुरेल ना’ हा प्रश्नच मला खटकतो. समजा पाणी सेकंदाला 3 मीटर वेगानं वाहतंय, म्हणजे ताशी 11 किलोमीटरच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, सायकल याहून जोरात जाते. पण बोट खडकाला आडवी अडकली आणि तिचा एक चौरस मीटर भाग प्रवाहासमोर आला, तर पाणी तिला साधारण साडेचारशे किलोच्या जोरानं दाबून धरतं. वेग निम्मा झाला तर हाच जोर चौथाईवर येतो, दुप्पट झाला तर चौपट होतो. या हिशेबापुढे 15 काय आणि 25 काय! शिवाय रॅपिडमधल्या पांढऱ्या पाण्यात हवाच फार असते. पंख्याला पकड मिळत नाही, इंजिन नुसतं किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. ज्या क्षणी जोर हवा, नेमका त्याच क्षणी तो मिळत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच : इंजिन बंद पडलंय असं धरूनच बोट बांधा. वल्ह्यांवर जी बोट त्या रॅपिडमधून सुखरूप उतरते, तिलाच इंजिन लावायचं. इंजिनाचं काम रॅपिडच्या आधी आणि नंतर. वरच्या संथ पाण्यात योग्य रेघ पकडायची, खाली आल्यावर काठ गाठायचा किंवा पाण्यात पडलेल्या माणसाकडे झटकन जायचं. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमध्ये 35 फुटांच्या आसपासच्या मोठ्या मोटर राफ्ट चालतात. त्यांचं इंजिनही साधारण 30 हॉर्सपॉवरचंच असतं. ते फळीवर मागे लोंबत नाही, सांगाड्याच्या आत ट्यूबच्या कुशीत बसवलेलं असतं, त्यामुळे खडक आधी ट्यूबला लागतो. नावाडी रॅपिडच्या तोंडाशीच रेघ ठरवून घेतो आणि खडक दिसला की इंजिन वर उचलतो. बोटीला वाट नदीच दाखवते.

आता तुमचा आराखडा. मागे फळी असलेली बोट तळ्यात, खाडीत उत्तम. रॅपिडमध्ये पहिली लाट आत आली की ती आतच राहते. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि एवढं आत यायला दोन लाटा पुरतात. मी तुमच्या जागी असतो तर दोन ट्यूबांची कॅटाराफ्ट बांधली असती. दोन लांब ट्यूब, वर ॲल्युमिनियमच्या पाइपांचा सांगाडा, मध्ये तळच नाही. पाणी आलं तसं खाली गेलं. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप घरचंच आहे, तेव्हा सांगाडा ही तुमची जमेची बाजू. ट्यूब 4.2 मीटर लांब आणि 55 सेंटिमीटर व्यासाची घेतलीत तर एकेक ट्यूब साधारण एक टन पाणी बाजूला सारते. टोकं निमुळती केल्यावर थोडं कमी. दोन्ही मिळून जेमतेम दोन टन झाले, तर माणसं, इंजिन, पेट्रोल, सांगाडा सगळं धरून त्याच्या एक तृतीयांशाच्या आत राहा. प्रत्येक ट्यूबमध्ये आतून पडदे घालून तीन कप्पे करा. एक कप्पा फुटला तरी बोट घरी आली पाहिजे.

इंजिन अडकवायचा कंस (ब्रॅकेट) सांगाड्याच्या मागच्या भागात पण ट्यूबच्या टोकांच्या आत घ्या. कंसाची उंची इंजिनाच्या शाफ्टवर (पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) ठरते : आखूड शाफ्टला 15 इंच, लांब शाफ्टला 20. यात दोन इंच इकडेतिकडे झाले तर पंखा एक तर हवेत फिरतो नाही तर आधी खडक शोधतो. उतारावर जाताना टिल्टचं लॉक (इंजिन वर उचलू न देणारी खिट्टी) उघडं हवं, म्हणजे खडक लागला की इंजिन स्वतःहून वर उसळेल. मात्र रिव्हर्स टाकताना लॉक लागतं, नाही तर इंजिन उताणं होतं. ही अदलाबदल हाताला इतकी सवयीची व्हावी की बघावं लागू नये. इंजिन सांगाड्याला वेगळ्या साखळीनं बांधा. नुसत्या क्लॅम्पवर भरवसा ठेवू नका. पेट्रोलच्या टाकीला पट्टे हवेत, आणि टाकी उलटी झाली तर झाकणातून गळते का तेही आधी जमिनीवर बघून घ्या.

चाचणी. इथे घाई करणाऱ्यांची पत्रं मला पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी येतात.

आधी अंगणात. हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी फिरवा, बोट रात्रभर ठेवा आणि सकाळी त्याच गारव्यात गेज बघा. दुपारी बघितलंत तर फसाल. 30 अंशांना 0.25 बार हवा भरलेली बोट कोकणच्या उन्हात 60 अंशांपर्यंत तापली की गेज 0.37 च्या आसपास दाखवतं, म्हणजे जवळजवळ दीडपट. आणि तीच बोट गार पाण्यात उतरवली की ढिली पडते. म्हणून बोट पाण्यात थोडा वेळ राहू द्यायची आणि मग हवा पुन्हा पुरी करायची. उन्हात काठावर ठेवायची असेल तर आधी थोडी हवा काढायची.

मग साचलेल्या पाण्यात, इंजिनाशिवाय. इंजिनाच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या आवळून बांधा. 15 हॉर्सपॉवरचं फोरस्ट्रोक इंजिन 50 किलोच्या आसपास भरतं. पूर्ण वजन चढवून एक कप्पा रिकामा करा आणि बोट किती कलते ते बघा. नंतर बोट मुद्दाम उलटी करा आणि तुम्हा तिघांना पाण्यातूनच ती दोरीनं सुलटी करता येते का बघा. येत नसेल तर बोट तुमच्यासाठी जड आहे, तिथेच थांबा आणि वजन कमी करा. हे जमलं की मगच इंजिन. बोटीची मागची दोरी काठावरच्या झाडाला ताणकाट्यातून बांधा, हळूहळू थ्रॉटल द्या आणि काटा किती किलो दाखवतो ते लिहून ठेवा. हा आकडा वरच्या साडेचारशेशेजारी ठेवून बघा, मग इंजिनाबद्दलच्या अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात. कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी अंतर पुढे सरकणारा) पंखा लावून हीच मोजणी परत करा. तुम्हाला वेग नको, ओढ हवी, आणि त्यात कमी पिच सरस ठरतो.

तिसरी पायरी संथ वाहत्या पाण्यात. नाक प्रवाहाकडे तिरकं धरून या काठावरून त्या काठाला जायचं आणि भर मध्यावर कोणीतरी न सांगता इंजिन बंद करायचं. वल्ही हातात यायला किती वेळ लागतो, तेच बघायचं असतं.

कुंडलिकेचं शेवटी. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात येतं आणि वीज करून नदीत पडतं. त्या सोडलेल्या पाण्यावरच कोलाडचं सकाळचं राफ्टिंग चालतं. पाणी बंद झालं की दुपारी तिथेच कातळ उघडे पडतात. त्यामुळे पाणी कधी सुटतं आणि कधी ओसरतं हे स्थानिकांना विचारल्याशिवाय बोट उतरवू नका. राफ्टच्या गर्दीत पंखा फिरवायचा नाही. त्या मंडळींशी बोलून, वेळ ठरवून, खाली थ्रो बॅग (फेकायच्या दोरीची पिशवी) घेतलेली माणसं उभी करूनच जा. आणि यंत्रावर चालणारी बोट म्हटल्यावर 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होतो. नोंदणी आणि तपासणीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आराखडा घेऊन आधीच जा, बोट बांधून झाल्यावर नाही.

राहिला कृष्णेचा पूर. 2019 मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा पाणी रॅपिडसारखं उसळत नव्हतं, शेतांवर पसरलं होतं. तिथले शत्रू वेगळे : पाण्याखालच्या तारा, कुंपणं, ठिबकच्या नळ्या, उसाचा पाला. सगळं पंख्याला गुंडाळतं. तिथे कॅटाराफ्टही नको. म्हातारी माणसं, लेकरं पाइपांवर कशी बसणार? तिथे सपाट, घट्ट तळाची बोटच हवी. आणि त्याच पुरात 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. गावासाठी बोट करायची तर किती माणसं बसणार हा आकडा ट्यूबवर मोठ्या अक्षरात रंगवा, आणि त्यापुढच्या माणसाला ‘नाही’ म्हणणारा माणूस आधी निवडा. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड आहे.

प्रश्न : सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून पीव्हीसीचे जोड केले, आठवड्यात सुटले. दोरी अडकवायच्या डी-रिंगही उपटून आल्या. काय चुकलं?
– एक वाचक, चिपळूण

सोल्युशन रबरासाठी आहे, पीव्हीसीला ते धरत नाही. पीव्हीसीला दोन भागांचं पॉलियुरेथेन ॲडेसिव्ह लागतं. हायपालॉन या कृत्रिम रबराच्या बोटीला निओप्रीनचं. आधी आपली बोट कशाची आहे ते ओळखा.

कृती अशी : दोन्ही बाजू सॉल्व्हंटनं पुसा, पातळ हात फिरवा, सुकू द्या, दुसरा हात द्या. बोटाला चिकटेनासं झालं की जोडा आणि मधून कडेकडे रोलरनं जीव खाऊन दाबा. हवा भरायला तीन दिवस थांबा. दमट हवेत हे काम करू नका. ॲडेसिव्हचं हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच लगीन लावतं आणि जोड कच्चा राहतो. चिपळूणला जुलैत केलेला जोड टिकला तर मला कळवा, मी बघायला येईन. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मोसम. दारं-खिडक्या उघडी ठेवा, आणि सॉल्व्हंट पेट घेतं म्हणून जवळपास बिडीसुद्धा नको.

जोडाला हवेच्या दाबाची फार भीती नसते. 55 सेंटिमीटरच्या ट्यूबला 0.25 बारला 5 सेंटिमीटर रुंद पट्टीवर साधारण 35 किलोचा ताण येतो, चांगलं कापड त्याच्या कितीतरी पट सोसतं. जोड मरतो तो सोलला गेल्यामुळे. कपाळावरची टिकली बाजूला ओढून सरकत नाही, पण कड नखानं उचलली की लगेच हातात येते. तुमच्या डी-रिंगचं तेच झालंय, दोरी ट्यूबपासून सरळ बाहेर ओढली जात असणार. रिंगचा पॅच मोठा गोल घ्या आणि दोरी ट्यूबला लगटून, कापडाच्या दिशेनंच ओढली जाईल अशा जागी लावा.

प्रश्न : पेट्रोल इंजिनाऐवजी बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर लावली तर? आवाज नाही, धूर नाही.
– एक वाचक, नाशिक

धरणाच्या जलाशयात, परवानगी असेल तर, जरूर. नदीच्या धारेत नको. 55 पौंडांची मोटर म्हणजे 25 किलोची ओढ. पूर्ण जोरावर ती 12 व्होल्टला 50 अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे 100 अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी दोन तासही पुरणार नाही, आणि ती बॅटरी दोघांना उचलावीशी वाटेल इतकी जड.

प्रश्न : इथे सगळे जेट बोटींचं कौतुक करतात. आपल्या नद्यांसाठी पंख्याऐवजी जेट का नको?
– एक वाचक, क्राइस्टचर्च, न्यूझीलंड

कौतुक करणारच, ती तुमच्याच कँटरबरीतली करामत. तिथल्या उथळ, अनेक धारांत फुटलेल्या नद्यांत पंखा टिकेना, म्हणून बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात पाणी आत ओढून मागे फेकणारी जेट बोट घडवली. 1960 मध्ये त्या बोटी कोलोरॅडोच्या प्रवाहाविरुद्ध ग्रँड कॅन्यन चढून गेल्या. 1977 मध्ये सर एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन बंगालच्या उपसागरातून गंगेवरून वर निघाले, ते नंदप्रयागजवळच्या धबधब्यानं अडवेपर्यंत गेले. जेटला बाहेर उघडा पंखा नाही, पाण्यातल्या माणसाला धोका कमी. बचावाच्या कामात हा फार मोठा गुण आहे.

पण आउटबोर्डला जेट जोडलं की सुमारे 30 टक्के ताकद जाते. थ्रॉटल सोडला की सुकाणूही जातं, हे नवख्याला अंगवळणी पडत नाही. आणि पाणी आत ओढणाऱ्या तोंडावरच्या जाळीत जलपर्णी किंवा उसाचा पाला अडकला की सगळा खेळ थांबतो. पावसाळा सरल्यावरच्या स्वच्छ, खडकाळ पाण्यात मी जेट घेईन. पुराच्या गढूळ पाण्यात नाही.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांबरोबर अशीच बोट बांधतोय. मला यातलं काही कळत नाही. मी काय तपासू?
– एक वाचक, पुणे

ताई, तुम्हाला यंत्रातलं कळायची गरज नाही. इंजिन चालवणाऱ्याच्या अंगाला लाल दोरी अडकवलेली असते. तो पडला की दोरी सुटते आणि इंजिन थांबतं. ती दोरी तुमच्या समोर लावायला सांगा, इंजिन चालू करायला सांगा आणि तुम्ही स्वतः ओढा. पंखा फिरताना कोणी पाण्यात उतरत नाही ना, ते विचारा. हेल्मेट आहे का बघा, ते हनुवटीखाली आवळलेलं हवं. मग मुलाला लाइफ जॅकेट घालायला सांगा, पट्टे बांधू द्या आणि दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट जोरात वर उचला. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुकानात परत द्या.